बडोद्याचा समुद्र

आमच्या घरी समुद्राचा विषय निघाला की आई हटकून म्हणते, "आपल्या बडोद्यालाही समुद्र होता." लहानपणी आम्हा भावंडांना ते खोटं वाटायचं. बडोद्यात पाणी म्हणजे सूरसागर तलाव, विश्वामित्री नदी आणि फार तर आजव्याचा जलाशय. समुद्र कुठून आला?

पण आई खरंच सांगत होती. गायकवाडी मुलूख सलग नव्हता. बडोद्याभोवतीचा प्रदेश, उत्तरेला कडी-मेहसाणा, दक्षिणेला नवसारी, सौराष्ट्रात अमरेली, असे त्याचे तुकडे विखुरलेले होते. सौराष्ट्रातले आणखी दोन तुकडे थेट समुद्रावर होते: कोडीनार आणि ओखामंडळ. द्वारका, बेट द्वारका आणि ओखा हे सगळं बडोदे संस्थानात यायचं. ओख्याचं बंदर १९२६ साली संस्थानानंच बांधून घेतलं. माझे आजोबा, म्हणजे आईचे नाना, त्या बंदराच्या कचेरीत कारकून होते. आई ओख्यालाच जन्मली. १ मे १९४९ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, नाना कुटुंब घेऊन बडोद्याच्या दांडिया बाजारात परतले. आई तेव्हा तीन वर्षांची. त्यानंतर ती ओख्याला कधी गेलीच नाही. देवघरातला एक पांढरा शंख तेवढा तिकडून आलेला.

दिवाळीत माझी लेक आजीला फोनवर जगातले अजब किनारे दाखवत होती. हवाईमधला पुनालुऊ, तिथली वाळू लाव्हाची, काळीभोर. बहामामध्ये हार्बर बेटावरची गुलाबी वाळू. कॅलिफोर्नियात फोर्ट ब्रॅगला लाटांनी घासून गोटे केलेल्या काचा. जपानच्या इरिओमोते बेटावरची चांदणीच्या आकाराची वाळू. "आजी, मी कमवायला लागले की यातलं तुला काय दाखवू?" आई सगळं मन लावून बघत होती. मग म्हणाली, "मला ओखा दाखव."

डिसेंबरअखेर आम्ही तिघी निघालो. लेकीची अट एवढीच की सरळ ओख्याला जायचं नाही, किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं. भाड्याची गाडी ठरवली आणि कार्यक्रम अमावास्येवर बेतला, कारण तेव्हा ओहोटी मोठी असते आणि आम्हाला जे पाहायचं होतं ते पाणी मागे गेल्याशिवाय दिसत नाही.

पहिला दिवस: बडोदे ते भावनगर

सकाळी शेव-उसळ खाऊन निघालो. वासदच्या अलीकडे महीसागर ओलांडली. हीच मही पुढे कावी-कंबोईजवळ खंभातच्या आखाताला मिळते. तिथलं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ आम्हा बडोदेकरांच्या चांगल्या ओळखीचं. भरतीला पिंड पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा वर येते. दिवसातून दोनदा समुद्र अभिषेक करतो असं म्हणतात. बडोद्यापासून हा सगळ्यात जवळचा समुद्र, पण तिथे वाळू नाही. पाणी गढूळ आणि चिखल गुडघाभर. मुंबई-कोकणातले पाहुणे तिथे नेले की हिरमुसतात. मला मात्र त्या चिखलाबद्दल माया आहे. मही, साबरमती, नर्मदा, तापी अशा नद्यांनी आणलेली माती तिथे भरती-ओहोटीच्या ओढीनं सतत ढवळत असते. ती खाली बसायला उसंतच मिळत नाही, मग पाणी निळं दिसणार कसं?

तारापूर, वटामण, पिंपळी करत धोलेऱ्याच्या रस्त्याला लागलो की भाल सुरू होतो. नजर पोचेल तिथवर सपाट, झाड नाही, टेकडी नाही. या खारट जमिनीत नुसत्या ओलीवर भालिया गहू येतो. आमच्याकडे लापशीला आणि लाडवांना तोच लागतो. आखात रस्त्यावरून दिसत नाही, पण वाऱ्याला खारट वास आला आणि आईनं काच खाली केली.

चहाला थांबलो तेव्हा लेकीनं विचारलं, इथेच एवढी मोठी भरती का येते? मी तिला शेवेचा पुडा दाखवला, तोंडाशी रुंद आणि खाली निमुळता. खंभातचं आखात तसं आहे. अरबी समुद्रातून येणारं पाणी रुंद तोंडातून आत शिरतं, पुढे दोन्ही किनारे जवळ येत जातात आणि तळही उथळ होत जातो. पाण्याला बाजूला पसरायला जागा उरत नाही, मग ते वर चढतं. मुंबईला मोठ्या भरती-ओहोटीतला फरक साडेचार-पाच मीटरचा असतो, भावनगरला तो दहा मीटरच्याही वर जातो. जगात सर्वात मोठा फरक कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात, सोळा मीटरपर्यंत. भावनगर त्याच घराण्यातलं. म्हणूनच भावनगरच्या बंदराला पाणी अडवणारा दरवाजा बांधावा लागला. तो नसता तर आत उभी असलेली जहाजं ओहोटीला चिखलात बसली असती.

रात्री भावनगरला गाठिये, तळलेल्या मिरच्या आणि पपईचा संभारा. आईनं डॉक्टरांनी घातलेली बंधनं त्या दिवसापुरती बाजूला ठेवली.

दुसरा दिवस: कोळियाक, अलंग

कोळियाक भावनगरहून पाऊण तासावर. आम्ही दहाच्या सुमारास पोचलो तेव्हा समोर फक्त पाणी होतं आणि पाण्याच्या मधोमध एका उंच काठीवर ध्वज फडकत होता. देऊळ वगैरे काही नाही. अमावास्या म्हणून गर्दी होती आणि सगळे काठावर बसून पाणी जाण्याची वाट बघत होते. कुणी थाळीत फुलं घेऊन, कुणी घरातल्या माणसाची रक्षा घेऊन. देवाचं दार उघडायची वाट बघणारी रांग पुष्कळदा पाहिली आहे, पण इथे दार कुणी पुजारी उघडत नव्हता.

पाणी मागे जातं ते डोळ्यांना दिसत नाही. बघताबघता एक खडक उघडा पडतो, मग चिखलाचा पट्टा, मग कुणीतरी उठून चालायला लागतं. नारळ विकणाऱ्या काकांनी आईला हात करून सांगितलं, "ओट थई गई, बा, हवे जाओ."

अंतर किलोमीटरभराचं. चिखल निसरडा, मध्ये दगड, त्यांना चिकटलेल्या शिंपल्यांच्या धारदार कडा. आई मध्यापर्यंत आली, मग एका मोठ्या दगडाला टेकून म्हणाली, "मी इथून नमस्कार करते. तुम्ही जाऊन या." तिच्याबरोबर एक अनोळखी आजीबाई थांबल्या. परत आलो तोवर दोघींनी एकमेकींच्या सुनांची चौकशी पूर्ण केली होती.

दगडी चौथऱ्यावर पाच शिवलिंगं, प्रत्येकासमोर नंदी. कथा अशी, की भारतीय युद्धानंतर स्वजनहत्येचं पाप घेऊन पांडव फिरत होते. त्यांना काळा ध्वज आणि काळी गाय दिली होती. ही दोन्ही जिथे पांढरी होतील तिथे कलंक धुतला जाईल. या किनाऱ्यावर ती पांढरी झाली. म्हणून निष्कलंक महादेव. श्रावणातल्या अमावास्येला, म्हणजे गुजराती 'भादरवी अमास'ला, इथे मोठी जत्रा भरते आणि नवा ध्वज चढतो. मी लिंगांना हात लावला तेव्हा ती ओली आणि गार होती, खाचेत एक इवलासा खेकडा लपला होता. काही तासांपूर्वी या जागी माझ्या डोक्याच्या वर पाणी होतं, हे मनात आलं आणि पाय आपोआप चौथऱ्याला घट्ट रोवले गेले. जगातल्या सुंदर किनाऱ्यांच्या यादीत कोळियाक येणार नाही, पाणी चहाच्या रंगाचं आहे. पण समुद्राच्या तळावर उभं राहून पूजा करायला मिळते अशा जागा किती असतील?

तिथून अलंगकडे. तो किनारा सुंदर नाही, पण वगळूनही चालणार नाही. याच प्रचंड भरतीच्या जोरावर १९८३ पासून तिथे जुनी जहाजं मोडली जातात. मोठ्या भरतीला जहाज स्वतःच्या इंजिनाच्या ताकदीनं किनाऱ्यावर चढवतात. ओहोटी होते, जहाज कोरड्यात उघडं पडतं आणि माणसं ते कापायला घेतात. ना गोदी, ना क्रेन लावून ओढणं, जे करायचं ते चंद्र करतो. परवान्याशिवाय आत जाता येत नाही, आम्ही रस्त्यावरूनच बघितलं. मैलोन् मैल दुतर्फा दुकानं आहेत, जहाजांतून उतरवलेल्या सामानाची: गाद्या, कपबश्या, कपाटं, नारिंगी जीवरक्षक जाकिटं, गोल खिडक्या. लेकीनं एक जाड पांढरा कप घेतला, त्यावर कुठल्यातरी परक्या लिपीतला मजकूर आहे. त्या कपातून कुणी कुठल्या समुद्रावर चहा प्यायला असेल, याचा विचार ती बराच वेळ करत होती. मला मात्र ते कापणारे हात डोळ्यांपुढून जाईनात. बिहार-ओडिशासारख्या लांबच्या प्रांतांतून येऊन ही माणसं ॲस्बेस्टॉस, तेल आणि पडणाऱ्या पत्र्यांच्या मध्ये काम करतात. त्यांच्या सुरक्षिततेचे नियम आता पूर्वीपेक्षा कडक आहेत, आणि ते अजून कडक हवेत असं मला वाटतं.

महुव्यानंतर अंधार पडला. उना ओलांडून दीवला पोचलो तेव्हा आई झोपेत होती.

तिसरा दिवस: दीव ते पोरबंदर

दीवला आल्यावर पहिल्यांदा पाणी निळं दिसलं. आखात मागे पडलं होतं, गाळ मागे पडला होता. सकाळी नागवाच्या किनाऱ्यावर गेलो, घोड्याच्या नालासारखा वळलेला. वर्षअखेरीची गर्दी जागी व्हायची होती. तिथलं मोठं नवल म्हणजे किनाऱ्यावरची झाडं. ताडच, पण खोडाला फांद्या फुटलेला. एका खोडाचे दोन, दोनाचे चार. इथे त्याला होका म्हणतात. आफ्रिकेतल्या दूम ताडाचं हे भावंड. नारळ-पोफळीची सवय असलेल्या डोळ्यांना हे झाड कुणीतरी चुकीचं काढलेलं चित्र वाटतं. मग हळूहळू आवडायला लागतं.

फुदमला गंगेश्वर बघितला. खडकातल्या कपारीत पाच पिंडी आणि भरतीची प्रत्येक लाट त्यांच्यावरून जाते. काल कोळियाकला समुद्र दूर जाऊन वाट देत होता, इथे तो एकेका लाटेनं येऊन पाया पडून जातो. आईला इथे पायऱ्या उतरून जवळ जाता आलं. एका लाटेनं तिची साडी गुडघ्यापर्यंत भिजवली आणि ती मनापासून हसली.

कोडीनारला आमच्यासाठी बघण्यासारखं ठरलेलं काही नव्हतं. तरी आईनं गाडी थांबवायला लावली. "ही पण आपली हद्द होती," म्हणाली, आणि रस्त्याकडेच्या गाड्यावरून पाव किलो बोरं घेतली.

इथून वेरावळपर्यंतच्या कोळी-खारव्यांची एक गोष्ट मला सगळ्यात जास्त सांगायची आहे. देवमुशी, म्हणजे जगातला सगळ्यात मोठा मासा, या किनाऱ्याशी येतो. पूर्वी इथे त्याला बॅरल म्हणत, कारण त्याला गळ टोचून दोरीला पिंपं बांधत आणि तो दमला की ओढून आणत. यकृताच्या तेलासाठी, मांसासाठी, शेकड्यांनी मासे मारले जात. २००१मध्ये त्याला वाघाच्या बरोबरीचं कायद्याचं संरक्षण मिळालं, पण नुसत्या कायद्यानं काय होतं? मग रामकथाकार मोरारीबापूंनी कथेतून लोकांना सांगितलं, की ही आपली लेक आहे, बाळंतपणाला माहेरी आली आहे, लेकीला कुणी मारतं का? तेव्हापासून तिचं नाव 'व्हाली' झालं, म्हणजे लाडकी. तेच खारवी आता जाळ्यात व्हाली सापडली तर स्वतःचं जाळं कापून तिला सोडतात, आणि सरकार जाळ्याची भरपाई देतं. ही गोष्ट मी गाडीत सांगितली तेव्हा आमचे ड्रायव्हरभाईही मान डोलावत होते, त्यांना ती ठाऊक होती. आई काही बोलली नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "ओख्याला किती दिवस राहणार आहोत?"

सोमनाथला दर्शन झालं, गर्दीमुळे समुद्र मात्र भिंतीवरूनच बघितला. माधवपूरला सूर्यास्त गाठला. रस्त्याला लागूनच लांबच लांब पिवळसर वाळू, आणि वस्ती अगदी थोडी. समुद्री कासवं अंडी घालायला या वाळूत येतात, वनखात्याचं अंडी जपण्याचं केंद्रही इथे आहे. लोक मात्र माधवपूरला ओळखतात ते कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचं ठिकाण म्हणून. रामनवमीपासून इथे लग्नाचा मेळा भरतो. विदर्भाची लेक कौंडिण्यपुराहून पळून येऊन या वाळूत उभी राहिली असेल, तेव्हा तिनं त्याआधी समुद्र पाहिला होता का? लेकीनं हा प्रश्न विचारला आणि आम्ही तिघींनी त्यावर पोरबंदर येईपर्यंत वाद घातला.

चौथा दिवस: पोरबंदर, शिवराजपूर, ओखा

पोरबंदरच्या जुन्या घरांच्या भिंती जवळून बघा. पोरबंदरी दगड म्हणजे दगड झालेला किनारा. शंख-शिंपल्यांचा चुरा आणि चुन्याचं कवच असलेले सूक्ष्म जीव यांची वाळू वाऱ्यानं साठत गेली, पावसाच्या पाण्यानं विरघळलेल्या चुन्यानं ती सांधली गेली आणि हजारो वर्षांत तिचा दगड झाला. शास्त्रज्ञांनी त्याला मिलिओलाइट हे नाव दिलं, तेही अशाच एका सूक्ष्म जीवाच्या कुळावरून. लेकीनं दाखवलेल्या जपानच्या चांदण्या म्हणजे याच जातकुळीतल्या जिवांची कवचं. बहामातल्या वाळूचा गुलाबी रंगही अशाच एका लाल कवचाच्या जिवामुळे. तिनं एका पडक्या भिंतीवर फोनचं भिंग धरलं आणि ओरडली, "आई, यात शिंपला आहे!" खरंच होता, नखाएवढा. हा दगड मुंबईच्या कितीतरी जुन्या इमारतींना लागला आहे. म्हणजे मुंबईतही सौराष्ट्राचे किनारे उभे आहेत.

द्वारकेत द्वारकाधीशाचं आणि गावाबाहेर रुक्मिणीचं दर्शन घेतलं. दुर्वासांच्या शापामुळे तिचं देऊळ वेगळं आणि इथलं पाणी खारं, म्हणून इथे पाणी दान करतात. आईनं बडोद्याहून आणलेली आजव्याच्या पाण्याची बाटली तिथे रिकामी केली. हे तिनं आधीच ठरवलं होतं, आम्हाला सांगितलं नव्हतं.

द्वारकेहून ओख्याकडे जाताना वाटेत शिवराजपूर. २०२०मध्ये देशातल्या पहिल्या आठ किनाऱ्यांना निळा झेंडा मिळाला, त्यात हा एक होता आणि दीवच्या पलीकडचा घोघलाही. डेन्मार्कची संस्था पाण्याची शुद्धता, सुरक्षा, कचऱ्याची व्यवस्था असे ३३ निकष तपासून हा झेंडा देते. पाणी पाहून माझ्या तोंडून शब्द निघेना. काठाशी पारदर्शक, मग फिकट हिरवं, मग मोरपंखी. वाळू पांढरी, पायाला मऊ. एका बाजूला खडक आणि दीपगृह. कावी-कंबोईच्या चिखलापासून निघून चार दिवसांत इथवर यायला हवं, तरच हा रंग कळतो असं मला वाटतं. विमानानं थेट आलेल्याला तो नुसता सुंदर दिसेल. घसरगुंड्या, पॅराशूट, मोटरबोटींची गजबज वाढते आहे. किनाऱ्याच्या एका टोकाला शांतता अजून शिल्लक आहे, जायचं असेल तर सकाळी जा आणि त्या टोकाला जा.

पुढे मिठापूर. इथला टाटांचा रसायन कारखाना १९३९चा, म्हणजे गायकवाडी काळातला. चरकल्याच्या मिठागरांत रोहित पक्ष्यांचे थवे उभे होते, लांबून गुलाबी धुकं वाटावं असे.

आणि मग ओखा.

नाना इथे यायचे तेव्हा अहमदाबादमार्गे वीरमगामला येऊन छोट्या रुळांच्या गाडीत बसावं लागायचं. ती गाडी जमीन संपेपर्यंत यायची. आजही ओखा म्हणजे रुळांचा शेवट. आईला एवढंच ठाऊक होतं की रूळ संपतात त्याच्या पलीकडे कुठेतरी कारकुनांची घरं होती, तिच्या आईनं सांगितलेलं. आम्ही स्टेशनावर गेलो. फलाटाच्या टोकाला उभं राहून आईनं रूळ कुठे संपतात ते बघितलं. घरं काही सापडली नाहीत. ज्यांना विचारलं त्यांनी आस्थेनं ऐकून घेतलं, एका म्हाताऱ्या हमालानं "गायकवाड सरकारना वखतनुं?" असं विचारून बंदराच्या दिशेला हात केला. बंदरात प्रवेश नाही. धक्क्याच्या बाहेरून क्रेन आणि मच्छीमार होड्यांची शीडं दिसत होती, वर समुद्रपक्षी घिरट्या घालत होते.

आईनं डोळ्यांना पदर लावला नाही. तिनं वारा हुंगला, मला म्हणाली, "हा वास मला माहितीय." तीन वर्षांच्या मुलीला वास आठवत असेल का, मला सांगता येणार नाही. ती वासावरून हलायला तयार नव्हती.

इथे एक गोष्ट लिहिली पाहिजे. आम्ही मराठी माणसं 'गायकवाडी समुद्र' म्हणून अभिमानानं बोलतो, पण ओखामंडळ मुळात इथल्या वाघेर जमातीचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ते जिंकून गायकवाडांच्या हवाली केलं, आणि जोधा माणेक, मुळू माणेक यांच्या नेतृत्वाखाली वाघेरांनी १८५७ नंतर त्याविरुद्ध शस्त्र उचललं. त्यांच्या नजरेतून बडोदे परकंच होतं. सयाजीरावांनी या किनाऱ्यासाठी जे केलं तेही खरं आहे. १९०५-०६मध्ये त्यांच्या सरकारनं जेम्स हॉर्नेल या सागरशास्त्रज्ञाला बोलावून ओखामंडळाच्या समुद्रातल्या जीवसृष्टीची पाहणी करून घेतली. मोत्यांचे कालव, शंख, प्रवाळ, स्पंज यांवरचा तो अहवाल बडोदे सरकारसाठी दोन भागांत छापला गेला. त्या काळी किती संस्थानिकांना आपल्या समुद्राच्या पोटात काय आहे हे जाणून घ्यावंसं वाटलं असेल?

संध्याकाळी सुदर्शन सेतूवरून बेट द्वारकेला गेलो. फेब्रुवारी २०२४मध्ये तो खुला होईपर्यंत ओख्याहून बेटावर होडीनंच जावं लागे. नानांचा पगार घेऊन आजी देवदर्शनाला जायची ती होडीनंच. बेटाचं जुनं नाव शंखोद्धार. इथल्या समुद्रातले शंख पार बंगालपर्यंत बांगड्यांसाठी जायचे. आमच्या देवघरातला शंख इथलाच असणार. आईनं बेटाच्या किनाऱ्यावर वाळूत पाय सोडून सूर्य बुडेपर्यंत बसून घेतलं. आम्ही तिला उठवलं नाही.

पाचवा दिवस: नरारा

पहाटे द्वारकेहून निघून जामनगरच्या वाटेवर वाडीनारला वळलो. कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान हे देशातलं पहिलं, १९८२ साली जाहीर झालेलं. प्रवाळ बघायला सहसा पाण्यात उडी मारावी लागते. नराराला पाणीच बाजूला होतं आणि माणूस चपला-बुटांसकट प्रवाळात चालत जातो. आईला तिवरांच्या अलीकडे सावलीत बसवलं, थर्मास आणि बोरं दिली. आमच्याबरोबर वाटाड्या घेतला. दहाच्या सुमाराला पाणी सगळ्यात खाली असणार होतं.

जुने बूट घालून या, आणि हात लावायचा नाही, हे त्यानं पहिल्यांदा बजावलं. घोटाभर पाण्यातून एक-दीड किलोमीटर चालत गेलो. लांबून सगळं करडं, ओसाड दिसतं. वाकून बघितलं की प्रत्येक डबकं एकेक घर. समुद्रफूल पाकळ्या पसरून बसलेलं, सावली पडताच मिटतं. ठिपक्यांचा खेकडा, दगडाखालून सापासारखे हात हलवणारा तारामासा. समुद्रकाकडी, तिला काकडीच म्हणावं अशी. एका कपारीतून ऑक्टोपस निघाला आणि आमच्या डोळ्यांसमोर दगडाच्या रंगाचा झाला. मी नजर हलवली आणि तो पुन्हा सापडला नाही. फुग्यासारखा फुगणारा मासाही दिसला. वाटाड्यानं एक मेंदूसारख्या वळ्यांचा प्रवाळ दाखवला आणि त्याच्या शेजारचा पांढरा पडलेलाही. पाणी फार तापलं की प्रवाळ आपल्या पेशींमधलं रंगीत शेवाळ बाहेर टाकतो, मग अन्न मिळत नाही, मग पांढरा पडतो. क्षितिजावर तेलाच्या टाक्या दिसत होत्या. इतकं नाजूक आणि इतकं अवजड एवढ्या जवळजवळ असावं, याची मला भीती वाटली.

परत फिरताना वाटाड्या थांबला. वाळूत एक ओळ उमटली होती, बोटानं ओढल्यासारखी, आणि ओळीच्या टोकाला शंख. तो हलत होता. कडेखालून एक मांसल पाय बाहेर आला होता आणि शंखाला हळूहळू पुढे नेत होता. लेकीनं गुडघ्यावर बसून त्याचं चित्रण केलं, चांगलं पाच मिनिटं. रिकामा शिंपलासुद्धा इथून न्यायचा नाही, त्यात दुसरं कुणी राहायला येतं, असं वाटाड्या सांगत होता. मग त्यानं पाठीमागे बघितलं. "चालो, पाणी वळ्युं."

आमच्या मागे डबकी एकमेकांना मिळत होती. आलो तेव्हा घोटाभर होतं ते आता पोटरीपर्यंत आलं.

आई सावलीत बसली होती, बोरांच्या बिया रुमालात नीट बांधून. लेकीनं फोन तिच्या हातात दिला. आईनं चष्मा लावला, फोन लांब धरला, मग जवळ. साठ वर्षं रोज सकाळी ती तो शंख धुते, पुसते, पाणी भरून ठेवते. तिनं चित्रण संपेपर्यंत बघितलं. मग पुन्हा लावायला सांगितलं.

"याला डोळे असतात का गं?" तिनं विचारलं.

लेक वाटाड्याला विचारायला गेली.

"असतात, आजी. दोन. छोटे."

आईनं फोनवर बोट ठेवलं आणि चित्र थांबवून ते डोळे शोधायला लागली.